पेट्रोलवर पाणी

४ जून

दादा,

हे पत्र वाचायच्या आधी ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून एक लांबट खोकं उतरवून घेतलं असशीलच. नसशील घेतलं तर आधी ते घे, मग पुढे वाच. आत आग विझवायचा सिलिंडर आहे, लाल रंगाचा, नऊ लिटरचा. माझ्या पहिल्या पगारातून तुला भेट. वहिनींना सांग, हसू नका, साडी पुढच्या पगारात.

नोकरी लागल्याचं मागच्या पत्रात कळवलं होतं, पण ती कसली ते नीट सांगायचं राहिलं. तू आतापर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांना "आमची धाकटी बंबावर चढते" असं सांगून टाकलं असशील. मी बंबावर चढत नाही. मी आग विझवायच्या सामानाच्या स्टोअरमध्ये आहे. शहरभरातले सिलिंडर तपासणीला आमच्याकडे येतात. रिकामे करायचे, दाब बघायचा, पुन्हा भरायचे, रंग द्यायचा आणि शेवटी कुठल्या आगीवर चालतो त्याचं लेबल लावायचं. ते शेवटचं काम माझं. तुझ्या सिलिंडरवरचं लेबलही मीच लावलंय, "ब वर्ग" असं. पट्टी धरून लावलंय, एक रेघभर वाकडं नाही.

आता मुद्द्याचं बोलते. तू अजून इंजिनाचे भाग त्या अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये पेट्रोल ओतून धुतोस. नाही म्हणू नकोस, वहिनींनी लिहिलंय मला. आणि वर तोंडात सिगारेट! अरे, बाबांचा हात विसरलास का तू? तेच वर्कशॉप, तोच कोपरा, तसाच ड्रम. तुला काही झालं तर मी काय करायचं ते एकदा सांगून टाक. आई गेली, बाबा गेले, मला भांडायला हक्काचा तू एकटाच उरला आहेस.

म्हणून हा सिलिंडर ड्रमजवळच्या भिंतीवर टांग. अगदी ड्रमच्या डोक्यावर नको, दोन पावलं दाराच्या बाजूला, म्हणजे वेळ आलीच तर आगीवरून हात घालावा लागणार नाही. टांगलास की लगेच कळव. कळवेपर्यंत मला चैन पडणार नाही.

तुझी धाकटी


१२ जून

बंबबाई,

खोकं पोचलं. ट्रकवाला विचारत होता, आत काय तोफगोळा आहे का? म्हटलं, आमच्या बहिणीची माया आहे, सांभाळून उतरव.

सांगितलंस तसा टांगलाय. ड्रमपासून दोन पावलं, दाराच्या बाजूला. उंची माझ्या मापाने घेतली. तुझ्या मापाने घेतली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गुडघ्याला लागला असता. वर्कशॉपला एकदम रुबाब आलाय. शेजारचा लाकूडवाला येऊन बघून गेला आणि जळून खाक झाला. घाबरू नकोस, तशा अर्थाने नाही.

बाकी तुझं पेट्रोलपुराण. अगं बये, ग्रीज काय फुंकर मारून निघतं का? रॉकेलने धुवायचं म्हटलं तर तासभर घासा आणि तासभर वाळायची वाट बघा. पेट्रोलमधून भाग वर काढला की सिगारेटचे दोन झुरके होईपर्यंत कोरडा. हो, झुरके म्हणालो. पण सिगारेट मी आता दाराबाहेर ओढतो, तुझी शपथ.

आणि हे "ब वर्ग" काय प्रकरण आहे? आगीलाही इयत्ता असतात होय? शाळेत मीही ब तुकडीतच होतो आणि मास्तर म्हणायचे की ही तुकडी आगलावी आहे. तुमच्या खात्याला ते इतक्या उशिरा कळलं, कमाल आहे. मग अ तुकडीत कोण असतं, हुशार आगी?

वहिनीने आशीर्वाद सांगितलेत. तिच्या शिवणाच्या मशीनने डोकं उठवलंय, दिवसभर खडखड.

दादा


२० जून

दादा,

टांगलास! माझा जीव भांड्यात पडला. खरंच रे, पत्र दोनदा वाचलं आणि आमच्या साहेबांनाही दाखवलं. त्यांना सगळे चष्मेवाले साहेब म्हणतात, कारण एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर आणि एक हरवलेला असतो. ते म्हणाले, भाऊ गुणी आहे तुझा.

आता तुकड्यांचं ऐक, आल्यावर परीक्षा घेईन. अ वर्ग म्हणजे लाकूड, कागद, कापड, कापूस. जळून ज्याचा निखारा होतो ते सगळं. त्यावर सरळ पाणी मारायचं. तुझा लाकूडवाला अ तुकडीत, तेव्हा त्याच्यासमोर उगाच शेखी मिरवू नकोस. ब वर्ग म्हणजे पेट्रोल, रॉकेल, डिझेल, थिनर. त्यावर पाणी मारलं की खेळ खलास. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि पाणी जाईल तिथे आग घेऊन जातं. त्याला फेस लागतो. फेस वरून पांघरूण घातल्यासारखा पसरतो आणि आगीची हवा तोडतो. क वर्ग गॅसचा, ड वर्ग पेटणाऱ्या धातूंच्या भुग्याचा. कढईतल्या तापलेल्या तेलाचा वर्ग आणखी निराळा, तो वहिनींना समोर बसून सांगेन.

मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळंच. पेट्रोल जळतच नाही, जळते ती त्याची वाफ. रॉकेलला जरा ऊब द्यावी लागते, मग त्याची वाफ पेटण्याजोगी होते. डिझेलला त्याहून जास्त. पेट्रोलला काही म्हणजे काही लागत नाही. बर्फावर ठेव, तरी ते वाफ सोडत बसतं. आणि ही वाफ हवेपेक्षा जड असते. वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, पायरी उतरते, खड्ड्यात दबा धरून बसते. तुझा ग्राइंडर त्या कोपऱ्यापासून किती लांब आहे रे? तू म्हणशील खूप लांब. पण एक ठिणगी पुरे, मग ज्वाळा त्या वाफेच्या वाटेने मागे ड्रमपर्यंत पळत जाते.

एक काम सांगते, कंटाळा करू नकोस. सिलिंडरच्या नळीला टोकाशी पितळी नोझल आहे. त्याच्या अंगाला बारीक भोकं आहेत. तिथून हवा आत गेली की फेस होतो. तुझ्याकडे हवेतसुद्धा ग्रीज, भोकं बुजायला वेळ लागायचा नाही. आठवड्यातून एकदा फडक्याने पूस.

तुझी धाकटी


२९ जून

बंबबाई,

आठवड्यातून एकदा? मी रोज सकाळी पुसतो. आधी दात घासतो, मग तुझ्या नोझलची भोकं पुसतो. मोजलीसुद्धा, बरोबर आठ आहेत. झालं समाधान?

तुझी ती सरपटणारी वाफ आमच्या म्हाताऱ्या वेल्डरला वाचून दाखवली. तो म्हणाला, वाफ काय मांजर आहे का पायांत घोटाळायला? आम्ही दोघं पोट धरून हसलो. अगं, ग्राइंडर त्या टोकाला, ड्रम या टोकाला. मधून हत्ती गेला तरी दोघांची ओळख व्हायची नाही.

पण एक कबूल करतो. तू सगळं इतकं समजून लिहितेस की मला आपलं बरं वाटतं. मी आठवीत शाळा सोडली, तू शिकलीस. बाबा असते तर त्यांनी तुझी पत्रं वर्कशॉपच्या भिंतीवर लावली असती.

कामाची घाई आहे. एक गाडी रंगाला आली आहे, गिऱ्हाईक उठता-बसता "माझी गाडी" करतं.

दादा


८ जुलै, जलद टपालाने

दादा,

हे पत्र हातात पडल्या क्षणी उठ आणि तो सिलिंडर भिंतीवरून काढ. आधी काढ, मग वाच.

तो फेसाचा नाही. पाण्याचा आहे. लेबल ब वर्गाचं आहे, ते मी लावलं, आणि ते चुकीचं आहे.

कसं झालं ते सांगते. आमच्या रॅकवर फेसाचे सिलिंडर कायम डावीकडे आणि पाण्याचे उजवीकडे असतात. लांबून दिसायला दोन्ही सारखे, वजनही सारखंच, फरक फक्त नोझलच्या भोकांत, आणि तिकडे मी बघितलंच नाही. रॅकला रंग द्यायचा असतो त्या दिवशी रांगा हलवतात आणि रंग वाळेपर्यंत फेसाचे उजवीकडे, पाण्याचे डावीकडे ठेवतात. हे स्टोअरमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही सांगितलं होतं. तो रंगाचाच दिवस होता, पण मी तुला सिलिंडर पाठवायच्या आनंदात होते, सवयीने डावीकडे गेले आणि ओळीने लेबलं लावत सुटले. पट्टी धरून!

आज साठ्याची मोजणी होती. चष्मेवाल्या साहेबांना दोन सिलिंडर असे सापडले की लेबल ब वर्गाचं आणि नंबर पाण्याच्या यादीतला. दोन्ही उद्या पेट्रोल पंपावर जायचे होते. साहेबांनी विचारलं, अजून किती? मी म्हटलं, अजून एक आहे साहेब, तो मी माझ्या भावाला पाठवलाय. ते खुर्चीत बसले आणि कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रजा मागितली. सगळा साठा एकेक करून तपासून होईपर्यंत कुणी हलायचं नाही, असा हुकूम आहे, आणि तो बरोबरच आहे. लाकूडवाल्याचा फोन सकाळपासून लावते आहे, लागत नाही. म्हणून हे पत्र.

आता ऐक. मघाशी तुझं मागचं पत्र काढून पुन्हा वाचलं. तू लिहिलंयस की नोझलची भोकं रोज पुसतोस, आठ आहेत. दादा, पाण्याच्या नोझलच्या अंगाला एकही भोक नसतं. आणि फेसाच्याला सहा असतात, आठ आमच्याकडे कुठल्याच नोझलला नाहीत. म्हणजे तू मला थाप मारलीस. पुसत नाहीस, हे तर कळलं. आता माझी एवढीच आशा आहे की टांगलासही नसावास. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे हे मागते आहे. दादा, तू खोटं बोललेला अस. पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं बोललेला अस. मी एका शब्दाने रागावणार नाही.

आणखी एक आहे. तुला माहीत आहे, तू तिथेच होतास, पण आपण कधी बोललो नाही. बाबांचा ड्रम पेटला तेव्हा ते झाकायला काहीतरी शोधत होते. मी नळाखालची बादली उचलली आणि त्यात ओतली. मग ते उसळलं, जमिनीवर पसरलं आणि बाबांच्या हातापर्यंत गेलं. नऊ वर्षांची होते मी. मला कुणी ओरडलं नाही, मारलं नाही, विचारलंही नाही. बाबांची बोटं मग कधी नीट मिटली नाहीत. जेवताना ती बोटं समोर दिसायची आणि माझा घास तोंडात फिरायचा. ही नोकरी मी कशासाठी धरली असं तुला वाटतं?

आणि आता पुन्हा माझ्याच हातून पेट्रोलवर पाणी. पुन्हा त्याच कोपऱ्यात. मला काही सुचत नाही. सिलिंडर काढ आणि एक ओळ लिही. एकच ओळ, "मी ठीक आहे" एवढी.

तुझी धाकटी


१३ जुलै

दादा,

उत्तर नाही. आज लाकूडवाल्याचा फोन लागला. मी तुझं विचारलं तर म्हणाला, "त्यांच्या वर्कशॉपचं शटर आठ दिवस खाली आहे, आत काहीतरी पेटलं होतं म्हणे, मी तेव्हा परगावी..." आणि लाईन तुटली. त्यानंतर लागतच नाही.

वहिनी, हे पत्र तुम्ही उघडलंत तर मला काहीही लपवू नका. जे असेल ते लिहा. उद्या संध्याकाळी साठा तपासून होईल. रजा मिळो न मिळो, मी निघते.


१४ जुलै

बंबबाई,

मी ठीक आहे. मी ठीक आहे. मी ठीक आहे. एक ओळ मागितलीस, तीन दिल्या.

अक्षर वहिनीचं आहे, कारण माझ्या उजव्या पंजाला पट्टी आहे. मी सांगतो, ती लिहिते. (आणि मला वाटेल तिथे मी माझंही लिहिणार, हे मी आधीच ठरवून घेतलंय. वहिनी.)

तुझं पत्र वर्कशॉपच्या पत्त्यावर आलं आणि पोस्टमनने शटरखालून आत सरकवलं. शटर मी आज उघडलं. म्हणजे ते बिचारं चार दिवस तिथे पडून होतं आणि इकडे मी घरात ढेकूण मारत बसलो होतो. (आमच्या घरात ढेकूण नाहीत.) तिथेच उभ्याने वाचलं. मग खाली बसलो.

तू लिहायच्या तीन दिवस आधी, पाच तारखेला, दुपारी ड्रम पेटला. सगळं तू लिहिलंस तसंच झालं. म्हातारा वेल्डर त्या टोकाला ग्राइंडर चालवत होता, मी या टोकाला कार्ब्युरेटर धुवत होतो. मधल्या जमिनीवरून एक निळी ज्वाळा पळत आली, खरंच पळत आली गं, आणि ड्रममध्ये उडी मारली. आज पावलं मोजली, तेरा भरली. आम्ही हसलो होतो त्याबद्दल वेल्डरने तुझी माफी मागायला सांगितलंय.

पुढचं ऐक. मी काय केलं असेल? सिलिंडर घ्यायला भिंतीकडे धावलो! मीच तुला लिहिलं होतं ना, दोन पावलं, दाराच्या बाजूला. माझ्याच थापेवर माझा विश्वास बसला होता. भिंतीवर एक जुना टायर. मी त्या टायरकडे बघतोय आणि पाठीमागे ड्रम भडकलाय.

टांगला नव्हता. खोकंसुद्धा उघडलं नव्हतं. (माझ्या शिलाई मशीनखाली आहे. मी त्यावर पाय ठेवून बसते. मला सांगितलं होतं की आत पाइपाचे तुकडे आहेत. माझ्याशी वेगळं बोलणं झालेलं आहे, तुम्ही काळजी करू नका.)

बाजूला त्या "माझी गाडी" वाल्याचं बॉनेट रंगासाठी काढून ठेवलेलं होतं. ते उचललं, ड्रमवर उपडं घातलं आणि दाबून धरलं. चटका बसला, पण सोडलं नाही. हवा तुटली आणि आग गेली. पंजा भाजला, भुवया गेल्या, बॉनेटचा रंग गेला. गिऱ्हाईक आधी बोंबललं आणि मग माझा हात बघून बॉनेट स्वतःच उचलून घेऊन गेलं. (भुवया नसल्यामुळे आता ते कायम आश्चर्य वाटल्यासारखे दिसतात. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत हात मिटायला लागेल, पूर्ण मिटेल. मी दोनदा विचारून घेतलं.)

सिलिंडर तिथे असता तर मी तो ओढला असता. तू पाठवलेला, तुझ्या हातच्या लेबलाचा. एक क्षण विचार केला नसता. पेटत्या पेट्रोलवर नऊ लिटर पाणी. आज हे पत्र वाचून मला आत्ता, नऊ दिवसांनी, घाम फुटला.

आता तू लिहिलंस त्याचं. हे सांगायला मला सकाळपासून जमत नव्हतं. वहिनीने तीन वेळा पेन खाली ठेवलं.

बादली तू ओतलीस. पण "पाणी आण, ओत लवकर!" असं ओरडलो तो मी. तुला आठवत नाही, मला माहीत आहे की आठवत नाही. तू दारात उभी होतीस, अंगठा तोंडात घालून. तू आपणहून हललीच नसतीस. मी ओरडलो म्हणून गेलीस. बाबा तिकडून "पाणी नको" म्हणत होते, तेही मला ऐकू आलं होतं. मी सोळा वर्षांचा घोडा, घाबरून गेलो होतो. तू चिमुरडी, मोठ्या भावाचं ऐकलंस. तुझा एवढाच गुन्हा.

मग बाबांना दवाखान्यात नेलं आणि घरी तू कोपऱ्यात बसून "मी ओतलं, मी ओतलं" म्हणत राहिलीस. मी गप्प बसलो. आज सांगू, उद्या सांगू. बाबांना माहीत होतं, त्यांनी माझी हाक ऐकली होती. ते एकदाच म्हणाले, "तिला तू सांग, मी सांगून उपयोग नाही." एकोणीस वर्षं झाली. ते गेले, तरी मी सांगितलं नाही. तू आगीच्या खात्यात नोकरी धरलीस तेव्हा मला कळलं होतं कशासाठी. खोकं उघडलं नाही ते आळसाने नाही गं. ते बघितलं की मला तू दिसायचीस, बादली दोन्ही हातांनी धरलेली, कशीबशी उचललेली. उघडायचा धीर झाला नाही.

(हे सांगताना ते रडले. लिहू नकोस म्हणतात. मी लिहिलंय.)

तू माझ्याशी बोलू नकोस, भांड, काय वाटेल ते कर. पण ते ओझं खाली ठेव. ते तुझं नव्हतं.

ड्रम भंगारात दिलाय. यापुढे भाग रॉकेलने धुवायचे, दाराबाहेर, झाकणाच्या डब्यात. ही थाप नाही. (नाही. मी बघून आले.)

दादा


१८ जुलै

दादा, आणि वहिनी, तुम्हालाही,

मी चौदा तारखेला निघणार होते, पण साठा तपासायचं काम लांबलं. काल दुपारी बॅग भरून स्टोअरच्या पायरीवर बसले होते तेवढ्यात टपाल आलं. पाकिटावर वहिनींचं अक्षर होतं. वाटलं, संपलं. पाकीट फाडलं आणि पहिली ओळ तीनदा लिहिलेली दिसली.

मग मी जे काही केलं त्याला हसणं म्हणायचं की रडणं ते स्टोअरमधल्या लोकांना कळेना. चष्मेवाले साहेब पाण्याचा पेला घेऊन धावत आले. काय झालं, काय झालं? मी म्हटलं, "साहेब, माझा भाऊ एक नंबरचा खोटारडा आहे!" ते म्हणाले, "म्हणजे वाचला ना?" आणि स्वतःच ते पाणी पिऊन टाकलं.

नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली आहे, ती मी नीट घडी घालून ठेवली आहे. आता लेबल लावायच्या आधी दोघांनी नंबर मोठ्याने वाचायचा, एकाने सिलिंडरवरचा आणि दुसऱ्याने यादीतला. हा नियम मीच सुचवला आणि साहेबांनी लगेच लावला. ते दोन सिलिंडर पंपावर गेले नाहीत, रॅकवरच राहिले. हे मी रोज सकाळी एकदा स्वतःला सांगते.

आता तुझं. मी ते पान रात्री जेवल्यावर वाचलं, पायरीवर तिथपर्यंत पोचलेच नव्हते. पहिल्यांदा भयंकर राग आला. एकोणीस वर्षं, दादा! बाबांच्या समोर ताटावर बसून मी मान खाली घालून जेवत होते आणि तू शेजारी बसून भाकरी मोडत होतास. मनात तुला इतकं काही बोलले की कागदावर मावणार नाही. आणि मग मला तू दिसलास, सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, घाबरून बोंबलणारा. तूही तसाच जेवत होतास की रे. तुझाही घास फिरत असणार.

मग झोपले. काय झोपले म्हणून सांगू! सकाळी घरमालकिणीने दार वाजवलं तेव्हा उठले, कामाला उशीर झाला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पाठ हलकी झाली आहे. दिवसभर कारण नसताना हसू येतंय.

रजा मिळाली. शनिवारी दुपारच्या गाडीने येते. बरोबर फेसाचा सिलिंडर आणते आहे. नंबर मी वाचला, साहेबांनी वाचला, आणि मग स्टोअरमधल्या सगळ्यांनी हौसेने एकेकदा वाचला. मशीनखालचा वहिनींनी तिथेच ठेवावा, पण खोक्यातून काढून आणि माझं लेबल खरवडून. कापडाच्या खोलीला तो अगदी योग्य आहे.

एकच मागणं आहे. कागदावर लिहिलंस ते मी वाचलं, पाठही झालं. पण मला ते ऐकायचं आहे. मी आले की त्या कोपऱ्यात उभा राहा आणि माझ्याकडे बघून मोठ्याने म्हण, "पाणी आण असं मी म्हणालो होतो." एकदाच. वहिनींना शेजारी उभं राहू दे.

मग घरी जाऊ आणि जेवायला बसू.

तुझी धाकटी